नुसतं तोंड हलणारी चित्रं

कार्टूनची चित्रं हलवायला पैसा लागतो. शलाका टिपणीसकडे तो नव्हता, म्हणून तिच्या मालिकेत चित्रांचं नुसतं तोंड हलायचं. खारूताईपासून वाघोबापर्यंत सगळे आवाज ती एकटीच काढायची.

वाहिनीचे प्रमुख राजाध्यक्ष मालिका बंद करायला निघाले. भरल्या बैठकीत खुर्चीत रेलून ते तासभर बोलले आणि शेवटी म्हणाले, "अहो बाई, नुसतं तोंड हलणारं चित्र कोण बघत बसेल?"

शलाकाने हातातला चहाचा कप खाली ठेवला. ती चाचरत म्हणाली, "साहेब, मघापासून तुमचंही तोंडच तेवढं हलतंय. पण कुणाची नजर हटली का?"

आधी बैठक हसली, मग साहेबही. मालिका वाचली.

संध्याकाळी कुलूप काढून शलाका घरात शिरली. सांगायला कुणी नव्हतं. तिने भिंतीवरच्या चित्रातल्या खारूताईला सगळं सांगितलं, आणि खारूताईच्या आवाजात स्वतःच हसली.