धुनीची राखण

"मग अण्णांचे शेअर विकू की नको, तेवढं सांगा."

श्रीरंग कोष्टीनं पुन्हा एकदा विचारलं.

भानुनाथबाबा धुनीशेजारी उकिडवे बसले होते. चिमट्यानं निखारे एका जागी गोळा करत होते.

श्रीरंग इचलकरंजीहून पहाटेच निघून डोंगर चढून या मठात आला होता. घाईच तशी होती. वर्षभर त्यानं शेअर बाजारात नुसता धिंगाणा घातला होता. मोबाइलवर कुणी टिप धाडली की घ्यायचं, भाव जरा घसरला की घाबरून विकायचं, आणि विकलेलं वर गेलं की हात चोळत बसायचं. गेलेला पैसा एका फटक्यात परत आणायला म्हणून तो ऑप्शनच्या सट्ट्यात शिरला, आणि तिथं पार धुऊन निघाला.

आता उरले होते ते वडिलांचे शेअर. अण्णा यंत्रमागावर जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. पगारातून थोडेथोडे वाचवून त्यांनी चांगल्या कंपन्यांचे शेअर घेतले आणि मरेपर्यंत त्यांना हात लावला नाही. त्यांच्या लाभांशावर श्रीरंगच्या आईचं घर चालत होतं. अण्णांच्या माघारी ते श्रीरंगच्या नावावर झाले होते.

उद्या सोमवारी बाजार उघडला की ते सगळे विकायचे आणि एकच मोठा डाव टाकून नुकसान भरून काढायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं.

अण्णांनी गुरुमंत्र याच मठात घेतला होता, पुढं श्रीरंगनंही घेतला. बाबांनी हो म्हटलं की मनाची टोचणी जाईल, असा त्याचा हिशेब. खरं म्हणजे त्याला फक्त होकार हवा होता.

निखारे टिकावेत म्हणून बाबांनी त्यांच्यावर राखेचा जाड थर पसरला. खालच्या वाडीत एक म्हातारी शेवटच्या घटका मोजतेय, तिच्याकडं जाऊन येतो, म्हणाले.

"तोवर धुनी सांभाळ."

"काय करायचं?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"संध्याकाळच्या आरतीला विस्तव जिवंत हवा... बस."

बाबा गेले. श्रीरंगला मनातून बरं वाटलं. पिढ्यान्‌पिढ्या पेटती असलेली धुनी बाबांनी आपल्या हवाली केली, म्हणजे माणूस ओळखला त्यांनी!

तो थोडा वेळ स्वस्थ बसला. मग त्याला शंका आली. वर तर नुसती राख दिसतेय, खाली विस्तव आहे ना?

त्यानं चिमट्यानं राख बाजूला सारली. निखारे लालबुंद होते. जिवाला थंडावा वाटला, त्यानं परत झाकले.

जरा वेळानं पुन्हा शंका आली... पुन्हा उकरलं.

मग चाळाच लागला. उकरायचं, बघायचं, झाकायचं. कधी कधी झाकायचंही राहून जायचं. उन्हं कलली तेव्हा निखारे सुपारीएवढे उरले होते.

कोपऱ्यात वाळलं गवत पडलं होतं, ते कवळाभर आणून त्यानं धुनीत कोंबलं आणि गाल दुखेपर्यंत फुंकलं. जाळ भपकन आढ्याकडं गेला. हुश्श! जमलं, असं वाटून तो आणखी गवत आणायला वळला.

परत येईतो जाळ बसला होता. नवं गवत टाकलं, तर नुसता धूर. उकरून पाहिलं... काळी राख.

एवढ्या वर्षांची धुनी आपल्या हातून विझली. तोंड कुठं लपवावं, त्याला कळेना.

कोनाड्यात काडेपेटी होती. चार काटक्या पेटवून वर राख पसरली असती तर कुणाला पत्ता लागणार होता? त्यानं हात पुढं केलाही. पण आईपासून लपवलं तसंच हेही लपवायचं, हे मनात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली. हात मागं घेऊन तो बसून राहिला.

दिवेलागणीला बाबा आले. म्हातारी गेली होती. श्रीरंगला त्यांच्याकडं बघवेना.

"बाबा, विझली."

बाबा धुनीजवळ वाकले. राखेवरून हात फिरवला.

"उकरत होतास?"

"हो."

"मग गवत घातलंस."

"हो..."

"मोठा जाळ झाला असेल."

"झाला."

"किती वेळ टिकला?"

बाप गेला तेव्हा आवरलेलं रडू श्रीरंगला आता आवरेना. बाबांनी त्याला रडू दिलं.

"विझते कधीमधी," ते म्हणाले.

कोनाड्यातली काडेपेटी घेऊन त्यांनी कापूर पेटवला. त्यावर बारीक काटक्या ठेवल्या. त्या धरल्यावर गोवरीचा तुकडा, आणि बऱ्याच वेळानं बाभळीचं एक लाकूड. घाई म्हणून नाही. आरतीला उशीर झाला, होऊ दिला.

आरतीनंतर लाकडाचे निखारे पडले तशी बाबांनी त्यांच्यावर राख ओढली. मग आतून दोन ताटल्यांत भाकरी आणि आमटी आणली.

श्रीरंग अजून धुनीशीच होता. हातात चिमटा, नजर राखेवर. घरी गेल्यागेल्या आईला सगळं सांगतो, असं तो म्हणाला. मग घुटमळला.

"पण बाबा... अण्णांचे शेअर? त्यांचं काय करू?"

बाबांनी त्याच्या हातातला चिमटा काढून घेतला.

"हात धू. आणि धुनीकडं पाठ करून जेवायला बस."