बेचाळीस हजार आवाज

"बॅकअप?"

जुवेकरसरांनी एवढंच विचारलं.

श्रीरंगने मान खाली घातली. "नाही घेतला, सर."

"आणि जुना सर्व्हर?"

"तो... परवा मीच पुसून टाकला. नवा नीट चालला होता म्हणून."

धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एकोणीस गावांतल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज सरांनी तीस वर्षं फिरून जमवले होते. ओव्या, भांडणं, देवाला घातलेली गाऱ्हाणी. बेचाळीस हजार फायली, सात मशिनींवर विखुरलेल्या. कुठली फाईल कुणाची आणि ती कुठे ठेवली आहे, हे एकटा नेमसर्व्हर सांगायचा.

सरांनी बसवलेला नेमसर्व्हर श्रीरंगला पोरकट वाटायचा. चारचौघांत तो तसं बोललाही होता. मग त्याने नवा उभारला, मागे डेटाबेस जोडला. आज सकाळी किरकोळ दुरुस्ती करताना त्या डेटाबेसमधली टेबलं, म्हणजे नावांचे तक्ते, तयार करणारी स्क्रिप्ट त्याने पुन्हा चालवली. ती आधी असलेली टेबलं काढून टाकते, मग नवी कोरी बनवते.

स्क्रिप्ट त्यानेच लिहिली होती.

"फायली शाबूत आहेत, सर. एकही गेलेली नाही. फक्त नावं गेली. आता नुसते आकडे दिसतात."

"फक्त..." सर म्हणाले.

"पण तुम्ही या सगळ्यांना भेटला होतात. ऐकून ओळखाल."

"लाव एक."

कुणी म्हातारा खोकत खोकत पावसाला शिव्या देत होता. सरांनी डोळे मिटले.

"कोण, सर?"

"आठवत नाही. दुसरी लाव."

दुसराही आठवला नाही.

तिसरीत एक बाई बोलू लागली. सर एकदम पुढे वाकले.

"हिच्याकडे मी जेवलोय. पडवीत. हिने जबरदस्तीने वाढलं होतं... हिचं..."

ओठ हलत राहिले. नाव आलं नाही.

श्रीरंगला ते पाहवेना. "हाकलून द्या मला, सर. पण हे नको. कोण ते कधीच कळणार नसेल, तर ऐकायचं तरी कशाला?"

त्याने आवाज बंद करायला हात पुढे केला. सरांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"ती अजून बोलतेय. मध्ये बोलू नकोस."