जावयाच्या हातचा जास्वंदी चहा

कोकणात एका गावात केरोबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. तसे भोळे त्या गावात आणखीही होते, पण ते अधूनमधून शहाणपणा करायचे. केरोबाने तो कधीच केला नाही. सांगाल ते करायचा, आणि सांगाल तस्संच करायचा. तरी त्याच्या बायकोचा, द्वारकेचा, त्याच्यावर फार जीव होता.

द्वारकेच्या वडिलांना, म्हणजे नानांना, मात्र हा जावई पहिल्यापासून पसंत नव्हता. एक दिवस त्यांचा निरोप आला. "गुरुवारी येतो. वैद्यांनी मला दुधाचा चहा बंद केलाय. रक्तदाबाला बरा म्हणून जास्वंदीचा प्यायला सांगितलाय. जावयाच्या हातचा एक कप धड मिळाला तर ठीक. नाही तर लेक घरी घेऊन जाईन."

द्वारकेने वेळ घालवला नाही. बुधवारी सकाळीच तिने केरोबाला अंगणातल्या जास्वंदीपाशी उभं केलं. ही जास्वंद तिनेच लग्नानंतर लावलेली.

"हे बघा, देठ टाकायचं, हिरवं टाकायचं, मधली दांडी टाकायची. पाकळ्या तेवढ्या ठेवायच्या."

"पाकळ्या तेवढ्या ठेवायच्या," केरोबा म्हणाला. आणि खरंच, चार फुलं त्याने अगदी नीट निवडली. द्वारकेला वाटलं, जिंकलं! त्याच आनंदात तिने नानांच्या भाजीसाठी आणलेलं केळफूल त्याच्या हातात दिलं. "एवढं निवडून ठेवा हो."

केरोबाने केळफुलाच्या जांभळ्या पाकळ्या तेवढ्या ठेवल्या. आतलं सगळं गाईला घातलं.

"कर्म माझं!" द्वारका म्हणाली. "अहो, वरचं टाकायचं असतं, आतलं ठेवायचं असतं!"

"आधी सांगायचं ना," केरोबा म्हणाला. त्याने ते चांगलं पाठ केलं. वरचं टाकायचं, आतलं ठेवायचं.

गुरुवारी तो पहाटेच उठला. जास्वंदीची फुलं तोडली, वरच्या पाकळ्या टाकल्या, आतल्या दांड्या ठेवल्या, आणि पाणी उकळलं. द्वारकेने पातेल्यात डोकावून पाहिलं. आत नुसता चिकट काढा.

"ह्याला रंग कुठाय?"

"मी काय टाकला नाही रंग."

द्वारकेने कपाळाला हात लावला, पण रागावली नाही. वेळच नव्हता. "नीट ऐका. रंग नसला की वर पाकळ्या घालायच्या. झाकण घालायचं. दहा मिनिटं अजिबात हात लावायचा नाही. मग उघडून लिंबू पिळायचं. लालभडक झालं की झालं. मग गाळायचं. मी विहिरीवर जाऊन येते."

ती गेली, आणि नाना आले.

उन्हातून घाटी चढून आलेले. तोंड पांढरं फटक पडलेलं. कसेबसे ओटीवर टेकले आणि म्हणाले, "केरोबा, अंधारी येतेय रे."

केरोबाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. रंग नव्हता.

त्याने पहाटे टाकलेल्या पाकळ्या गोळा केल्या आणि नानांच्या डोक्यावर घातल्या. मग भाताची मोठी टोपली आणून त्यांच्यावर पालथी घातली आणि तिच्यावर पाटा ठेवला.

"अरे, काढ! काढ म्हणतो ना!" टोपली ओरडली.

"हात लावायचा नाही, नाना. अजून नऊ मिनिटं."

दहा मिनिटं झाल्यावर त्याने टोपली उचलली आणि अख्खं लिंबू नानांच्या टकलावर पिळलं. नाना मानेपासून कपाळापर्यंत लालभडक झाले. केरोबाला इतका आनंद झाला की तो विहिरीकडे तोंड करून ओरडला, "अगो, रंग आला! आता गाळू काय?"

द्वारका धावत आली. नाना थरथरत उभे होते, कानात एक पाकळी अडकलेली.

"द्वारके, चल माझ्याबरोबर! आणि तू रे, हिचं सामान बांध. हिचं म्हणून जे काही असेल ते सगळं. एक वस्तू मागे राहिली तर बघ!"

द्वारकेने डोळ्यांना पदर लावला. केरोबालाही रडू येत होतं, पण सांगितलेलं काम तर करायला हवं. त्याने मोठी गोधडी पसरली. तिच्या साड्या घेतल्या, तिची फणी घेतली. जास्वंद तिने लावलेली, म्हणून तीही मुळासकट उपटून घेतली. मग आणखी काय राहिलं, याचा तो बराच वेळ विचार करत बसला.

थोड्या वेळाने नानांनी बोलावलेल्या गाडीवानाने बोचकं बैलगाडीत चढवलं. "काय भरलंय हो यात? धोंडे?" तो म्हणाला. वाटेत बोचकं दोनदा शिंकलं. द्वारकेने ते ऐकलं. तिने डोळे पुसले आणि रडणं थांबवलं.

घरी पोचल्यावर नानांनी स्वतः बोचकं सोडलं. आत साड्या, फणी, जास्वंद, आणि जास्वंदीला मिठी मारून बसलेला केरोबा.

"तू इथे कसा?"

"हिचं काही मागे राहायला नको म्हणालात ना? लग्नात तुम्हीच हिला सांगितलंत, आता हा तुझा म्हणून."

द्वारका खुदकन हसली. नाना कपाळावर हात मारून अंगणातच बसले. "देवा, आता ह्याचं मी करू तरी काय?"

हे मात्र केरोबाला नक्की ठाऊक होतं. त्याने अंगावरची गोधडी बाजूला सारली आणि म्हणाला, "सोपं आहे, नाना. वरचं टाकायचं, आतलं ठेवायचं."

नाना लाल झाले, पण या वेळी हसून हसून. मग त्यांनी गोधडी झटकून दांडीवर टाकली, आणि आतलं ठेवून घेतलं.