पाणवठ्याच्या वाटेवरचा गुत्ता

एका जंगलात, उन्हाळ्यातही न आटणाऱ्या एकुलत्या एका पाणवठ्याच्या काठी, एक टिटवी राहत असे. घरटं कसलं! रेतीवर चार खडे मांडायचे आणि मधे अंडी घालायची, ही टिटव्यांची रीतच. त्या वर्षी तिने चार अंडी घातली होती. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, पण इथल्या कोल्ह्याचं काकडीवर भागणारं नव्हतं. त्याने पाणवठ्याच्या ऐन वाटेवर, एका पोकळ ओंडक्यात मोहाची फुलं आंबवून दारूचा गुत्ता थाटला. अस्वल त्याचं पहिलं गिऱ्हाईक. एका सकाळी ते झोकांड्या खात रेतीत शिरलं आणि टिटवीची दोन अंडी त्याच्या पायाखाली फुटली.

"कोल्होबा, हे दुकान इथून हलवा हो! माझी दोनच अंडी राहिलीत," टिटवी रडत म्हणाली.

"मी का कुणाच्या तोंडात ओततो, टिटवीबाई? हवं तो पितो, नको तो पुढे जातो," कोल्हा म्हणाला.

मुलांनो, त्या जंगलात एक जुनी चाल होती. पाणवठ्याच्या वाटेवर कोणी काही मांडलं आणि ते नकोसं झालं, तर ज्याने त्याने आपल्याला पेलेल असा एकच दगड त्याच्या दारापुढे ओळीत ठेवायचा. ऊन डोक्यावर येण्याआधी ओळ वाटेच्या या कडेपासून त्या कडेला भिडली, तर मांडणाऱ्याने मुकाट्याने उठायचं. नाही भिडली, तर पुन्हा कुरकुर करायची नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच टिटवीने अंड्यांभोवतीचाच एक खडा चोचीत धरून नेला आणि वाटेच्या कडेला ठेवला. कोल्हा हसला. मग हरणी आली, साळिंदर आलं, रानडुकरीण पिलांना घेऊन आली. मुंग्या तर रांगेने येऊन रेतीचा एकेक कण ठेवून गेल्या. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं! टिटवीला बोटं असती तर तिने ती तोंडातच घातली असती. पण ऊन डोक्यावर यायला आलं तरी हातभर जागा मोकळीच होती.

तेवढ्यात अस्वल येताना दिसलं. "या अस्वलदादा, पहिला घोट तुमचा!" कोल्हा ओरडला. सगळ्यांची तोंडं उतरली. पण अस्वलाने छातीशी एक भलामोठा धोंडा धरला होता. त्याने तो मोकळ्या जागेत ठेवला आणि ओळ भिडली.

"दादा, तुम्ही?" कोल्ह्याने विचारलं.

"तू तोंडात ओतत नाहीस, हे खरं," अस्वल म्हणालं. "पण मी घरून निघतो तो पाण्यासाठी, आणि पाण्याची वाट तुझ्या दारावरून जाते. रोज ठरवतो, आणि रोज इथेच अडतो." टिटवीकडे बघायचं त्याला धाडस झालं नाही. मान खाली घालून ते पाण्यावर गेलं आणि पोटभर पाणी प्यायलं.

कोल्ह्याने ओंडका उपडा केला. टिटवी आपल्या दोन अंड्यांवर येऊन बसली आणि कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. अस्वलाच्या धोंड्याला मुंगीचा कण टेकला होता.

तात्पर्य : सगळ्यांच्या वाटेवर काय मांडावं, हे मांडणाऱ्याने एकट्याने नव्हे, त्या वाटेने जाणाऱ्या सगळ्यांनी ठरवावं, आणि ठरवताना मुंगीचाही दगड ओळीत धरावा.