सारूबाईची हाक

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांच्याही आधी, हिवरदऱ्यात ख्रिस्ती मंडळींची मोठी वस्ती होती. पत्र्याच्या छपराचं प्रार्थनेचं देऊळ होतं आणि रविवारी त्यात बसायला जागा पुरत नसे. मग एका साली टोळधाड आली. पिकं गेली, झाडांच्या सालीसुद्धा गेल्या, असं म्हणतात. टोळांमागून पटकीची साथ आली. उरली ती माणसं वाट फुटेल तिकडं पांगली, कुणी रेल्वेच्या कामावर, कुणी खानदेशात कापसाच्या कारखान्यात.

मागं राहिली एकटी सारूबाई. नवरा पटकीत गेला होता. मुलगा शिमोन ‘नाताळाला येतो’ म्हणून गेला, तो कितीतरी नाताळ आला नाही.

दर रविवारी सारूबाई देऊळ झाडायची. प्रत्येक घराची चटई तिच्या जागी अंथरायची आणि नाव घेऊन हाक मारायची. “लाजरस पगारे.” थोडं थांबायची. “याकोब साळवे.” पुन्हा थांबायची. शेवटची हाक शिमोनला. मग एकटीच गीत म्हणायची, आणि चटया गुंडाळून घरी जायची. आठवडाभर तिच्याशी बोलायला कुणी नसे.

एकदा तालुक्याच्या देवळाचे पाळक आले. भला माणूस. खाली मान घालून म्हणाले, “सारूबाई, इथले पत्रे काढून दुसऱ्या गावच्या देवळाला द्यायचं ठरलंय.”

“टोळांनी खाल्लेली वर्षं मी भरून देईन, असं देव म्हणालाय ना?”

“ते इस्राएल लोकांना म्हणाला होता, बाई.”

“मग आमचे टोळ काय येगळे होते?”

पाळकांनी रिकाम्या देवळावरून नजर फिरवली. “टोळ तेच होते,” ते म्हणाले, “पण माणसं कुठायत?”

पत्रे गेले. उन्हापावसात नुसत्या भिंती उभ्या राहिल्या. सारूबाई तशीच हाका मारत राहिली. पण एका रविवारी तिनं चटया उलगडल्याच नाहीत. भिंतीला टेकून म्हणाली, “देवा, तू बोललास म्हणून मी थांबले. आता माझाच आवाज मला परका वाटतो.” दिवस कलला तशी ती उठली आणि बसक्या आवाजात सगळी नावं घेतलीच.

त्याच संध्याकाळी, असं म्हणतात, कारखान्याच्या खडखडाटात लाजरसला आपलं नाव ऐकू आलं. रुळांलगत खडी फोडणाऱ्या याकोबानं हातोडा खाली ठेवला आणि मागं वळून पाहिलं. आपलं माणूस बांधावरून हाक मारतं ना, तशीच ती हाक होती, असं दोघंही मरेपर्यंत सांगत.

माणसं निघाली, पण पोचायला वेळ लागला. तोवर सारूबाईची दृष्टी गेली होती. माणसं पोचली त्या रविवारी नेहमीसारख्या चाचपडत चटया अंथरून तिनं हाक दिली, “लाजरस पगारे.”

“हाय.”

‘आहे’ अशी ओ आली, पण सारूबाईला तो भास वाटला. तिनं पुढचं नाव घेतलं. “याकोब साळवे.”

“हाय, आई.”

मग ती थांबत थांबत एकेक नाव घेत गेली. कुठं बापाच्या नावाला लेक ओ देत होता, कुठं कुणीच नाही. शेवटी ती म्हणाली, “शिमोन.”

शिमोनचं काय झालं, कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात लाजरसची सून दीना बोलली. परमुलखातली पोर, तिनं शिमोनला कधी पाहिलंही नव्हतं.

“हाय, आई,” ती म्हणाली.

सारूबाईला बाईचा आवाज कळला नसेल का? तिनं हात पुढं केला, दीनाचा चेहरा चाचपला. म्हणाली, “मग बस की. उभी का?”

पुढच्या हंगामाला भिंतींवर छप्पर चढलं. सारूबाई त्या छपराखाली एकच नाताळ बसली, असं म्हणतात.

आजही हिवरदऱ्यात हंगामाच्या सणाला, म्हणजे नवं पीक देवाला वाहायच्या दिवशी, मेलेल्यांची, हरवलेल्यांची नावं घेतात. ज्या नावाला ओ द्यायला रक्ताचं कुणी उरलेलं नाही, तिथं गावात नव्यानं आलेलं माणूस उठतं आणि म्हणतं, “हाय.” आणि त्या दिवसापासून ते माणूस त्या घरचं होतं.