सातवं पिंप

"...आणि गोडवा? तो कुठे गेला, मास्टर?"

शार्दूल ढिकलेने ग्लास खाली ठेवला. आंबटपणाने त्याचा एक डोळा अजून मिटलेलाच होता.

माथियास केर्न तळघराच्या पायरीवर बसून बुटाची माती काडीने काढत होते.

"पिंपानं खाल्ला," ते म्हणाले.

"सगळा?"

"सगळा. म्हणून तर हिला कोरडी म्हणतात."

शार्दूल नाशिकजवळच्या दिंडोरीचा. घरची द्राक्षबाग. पुण्यात राहून जर्मन शिकलेला, वाईनची पदविका घेतलेला. डोळे बांधून वीस वाईन हुंगायला दिल्या, तर त्यातल्या एकोणीस तो नावानिशी ओळखायचा. आणि ही गोष्ट कुणालाही भेटला की पहिल्या दहा मिनिटांत सांगायचा.

जर्मनीत मोझेल नदीच्या काठी आल्टेनरीड नावाचं लहान गाव आहे. तिथे केर्न यांच्याकडे तो गेल्या ऑक्टोबरात शिकायला आला. मास्टर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. घरात ते आणि त्यांच्या पत्नी लेना, दोघंच. त्यांची बाग इतक्या उभ्या चढावर, की द्राक्षं तोडताना एक हात वेलीच्या खुंटाला धरलेलाच हवा. पायाखाली माती थोडी, काळा दगड फार. आपल्याकडे पूर्वी शाळेच्या पाट्या व्हायच्या, तोच दगड.

सहा महिने शार्दूलने पिंपं धुतली. पावसाने खाली वाहून आलेले दगड पाठीवरच्या टोपलीतून पुन्हा वर नेऊन टाकले.

मास्टरांनी त्याला काही शिकवलं, असं त्याला आठवत नव्हतं.

आता एप्रिल संपत आला होता. सहा पिंपांतला रस आंबून, साखर संपून शांत झाला होता. सातवं पिंप तेवढं अजून बुडबुडत होतं. रस थंड करून आंबणं आज थांबवलं, तर त्यात थोडा गोडवा राहणार. सोडून दिलं, तर तीन आठवड्यांत तेही कोरडं.

मास्टरांनी गेल्या वर्षीची आणखी एक बाटली उघडली. ग्लासात ओतली, नाकाशी धरली, समाधानाने मान डोलावली आणि ग्लास शार्दूलपुढे सरकवला.

शार्दूलने हुंगलं. ओल्या पुठ्ठ्याचा वास. बुरशीचा.

"मास्टर, हिचं बूच खराब आहे."

मास्टरांनी ग्लास परत ओढून पुन्हा हुंगला.

"तुम्हाला... वास आला नाही?"

सातव्या पिंपात एक बुडबुडा फुटला. मग दुसरा.

"दोन वर्षं झाली," मास्टर म्हणाले. "ताप आला होता. ताप गेला, तेव्हापासून काही येत नाही. लेनाला माहीत आहे. आता तुला."

शार्दूलला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण जरा उशिरा. आधी वाटला तो आनंद. या तळघरात नाक असलेला आता तो एकटाच होता.

"मग गेल्या वर्षीच्या वाईन?"

"लेनानं वास घेतला. मी घोट घेतला."

"आणि हे पिंप?"

"लेना म्हणते, तिचं नाकही आता दमलं." मास्टरांनी काडी टाकून दिली. "तू ठरव."

"मी?"

"तू एकोणीस ओळखतोस ना?"

चेष्टा आहे का, हे शार्दूलने त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. नव्हती.

हजार लिटरचं पिंप. एका अख्ख्या वर्षाचं काम. चुकलं, तर दुरुस्त करायला पुढचा हंगामच उजाडावा लागणार.

त्याने पिंपातून थोडी वाईन काढली. हुंगली. तोंडात घोळवली. पुन्हा हुंगली.

"थांबवू या," तो म्हणाला. "आजच."

"का?"

"आत्ता हिच्यात पीच आहे, मध आहे. पहिल्या घोटाला माणूस हसेल. कोरडी झाली की पहिल्या घोटाला तोंड वाकडं करेल. मी केलं तसं."

"बरं."

"बरं? म्हणजे... तुम्हाला पटलं?"

"तू ठरवलंस ना? जेवण झालं की थांबव." मास्टर गुडघ्यावर हात टेकून उठले. "या पिंपातली एक जग भरून वर आण. भूक लागली."

वर स्वयंपाकघरात खिडक्या उघड्या होत्या. खाली नदी उन्हात सावकाश चालली होती. लेनाबाई, ज्यांना शार्दूल तिकडच्या पद्धतीने ओमा म्हणजे आजी म्हणायचा, नदीतला मासा तळत होत्या. टेबलावर उकडलेले बटाटे, शतावरीचे जाड पांढरे कोंब आणि वितळवलेलं लोणी.

शार्दूलने आपला जग ठेवला. शेजारी लेनाबाईंनी गेल्या वर्षीच्या कोरड्या वाईनचा जग ठेवला. दोन्ही जग काचेचे, सारख्याच मापाचे.

आधी सातव्या पिंपातली वाईन सगळ्यांनी घेतली.

"अगं बाई," लेनाबाई म्हणाल्या, "मधच की!"

शार्दूलने मास्टरांकडे पाहिलं. मास्टर हसले आणि बटाटे वाढून घेऊ लागले.

मग जेवण सुरू झालं.

"तुझी आई काय करते रे रविवारचं?" लेनाबाईंनी विचारलं.

शार्दूल सांगू लागला. बाजरीची भाकरी. शेंगदाण्याची चटणी, खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. कांद्याची पात. आई वाढताना नको म्हटलेलं ऐकत नाही. सहा महिन्यांत तो एवढं कधी बोलला नव्हता, आणि एवढं जेवलाही नव्हता. मासा संपला तसा लेनाबाईंनी दुसरा ताटात घातला. त्यांनीही नको म्हटलेलं ऐकलं नाही. लोण्याने ओठ ओशट व्हायचे, एक घोट घेतला की तोंड लख्ख व्हायचं, आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागायचा. तो बोलत होता, खात होता, पीत होता.

तास उलटून गेला.

लेनाबाई ताटल्या उचलू लागल्या. मग त्यांनी दोन्ही जग उचलले. एक अजून जवळजवळ भरलेलाच होता, हिंदकळून थोडी वाईन टेबलावर सांडली. दुसरा त्यांनी उपडा करून पाहिला. एक थेंब पडला.

शार्दूल बघत राहिला.

"ही कोरडी... तुम्ही प्यायलात, मास्टर?"

"एक ग्लास."

"मी अर्धा," लेनाबाई म्हणाल्या.

"मग बाकीची..."

लेनाबाई नळ सोडून भांडी घासायला लागल्या.

शार्दूलने स्वतःच्या ग्लासाकडे पाहिलं. तळाशी बोटभर कोरडी वाईन होती. ती आपण केव्हा ओतून घेतली, त्याला आठवेना. कितव्यांदा, तेही आठवेना.

त्याचे कान लाल झाले. मग त्याला हसू आलं. आधी बारीक, मग पोट धरून. मास्टरही हसले.

दुपारी तो तळघरात गेला. सातव्या पिंपाला त्याने हात लावला नाही. शेजारी स्टूल ओढून बसला आणि बुडबुडे ऐकत राहिला. घरी फोन करून कुणाला काही सांगावं, असं त्याला त्या दिवशी वाटलं नाही. नुसतं बसून बरं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी पिंप शांत झालं.

शार्दूलने दोन ग्लास भरले. एक मास्टरांना दिला.

"सांग," मास्टर डोळे मिटून म्हणाले. "वास कसला आहे?"

शार्दूलने घाई केली नाही.

"हिरव्या सफरचंदाची साल. लिंबाची साल. पाऊस पडून गेल्यावर आपल्या चढाचा जसा वास येतो... तो."

"आणि घोट घेतल्यावर?"

"आंबट. सरळ जातो, कुठे रेंगाळत नाही. शेवटी जिभेच्या कडेला जरा मीठ. मग काहीच नाही. तोंड स्वच्छ. आणि..."

"आणि?"

"आणि पुन्हा प्यावीशी वाटते."

मास्टरांनी घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला.

"ताठ उभी आहे," ते म्हणाले.

शार्दूलला सहा-सात महिन्यांत मिळालेली ही पहिली शाबासकी. ती वाईनला होती, पण त्याने अर्धी आपल्याकडे ठेवून घेतली.

"मास्टर, पुढच्या महिन्यात मी घरी जाईन. आमच्या बागेतही अशीच करून बघणार आहे. डोंगर तुमचा नाही, ऊन कडक आहे, तरी बघणार." तो थांबला. "पण आमच्याकडे लोक उभ्याउभ्या येतात, एक घोट घेतात आणि ठरवून टाकतात. पहिल्या घोटाला ज्यांचं तोंड वाकडं होईल... त्यांना मी काय सांगू?"

मास्टरांनी ग्लास संपवला. पालथ्या हाताने मिशी पुसली.

"त्यांना म्हणावं... जेवायला थांबा."