अनामिकेची जागा

पांढरओढा गावाला ज्याच्यावरून नाव पडलं, तो ओढा जेव्हा खरोखरच बाराही महिने वाहायचा, तेव्हाची ही गोष्ट.

गेनू मढव्या गावोगाव फिरून मृदंग आणि ढोलक्या मढवायचा. खांद्याला कातड्यांची पिशवी, कमरेला आरी, आणि पिशवीच्या तळाशी कातड्यावर चढवायची शाई घोटायचा काळा दगड. असं म्हणतात, की फाटकं कातडं हातात घेतलं की ते कुणी वाजवलंय हे त्याला कळायचं. कुणाचा अंगठा जड, कोण जीव लावून वाजवतो, कोण नुसताच बडवतो. शाईची झीज तो पत्रासारखी वाचायचा. अशी वाचून वाचून त्यानं डोंगरातले, मळ्यातले, कुणीच कधी न बोलावलेले कितीतरी वाजवणारे हुडकून काढले. पुढच्या गावात तो त्यांची नावं सांगायचा. लोक म्हणायचे, "असेल बाबा," आणि सुपारी दरवर्षीच्याच माणसाला द्यायचे.

पांढरओढ्यात जोखाईच्या देवळातला मृदंग वाजवायचं काम नारोजीकडे होतं. मान पिढीजात. नारोजीचा फेटा, नारोजीच्या अंगठ्या, नारोजीचं पहिलं ताट, सगळं गावाला पाठ होतं. त्याचं वाजवणं मात्र कुणाला आठवत नव्हतं.

दर चैत्रात जत्रेआधी गेनू यायचा आणि देवळाच्या कुंपणाबाहेर बाभळीखाली बसायचा. त्याच्या जातीला आत येऊ देत नसत. त्यानं मढवलेला मृदंग थेट देवीपुढे जायचा, तो बाहेर राहायचा. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

पहिल्याच वर्षी त्याला कातड्यावर दोन हात दिसले. एक नारोजीचा, काठावर आपटणारा. दुसरा हलका, नेमका, पाण्यावरून पाकोळी जावी तसा. आणि त्या दुसऱ्या हाताला करंगळीशेजारचं बोट नव्हतं. शिकलेली माणसं त्या बोटाला अनामिका म्हणतात, म्हणजे जिला नाव नाही ती.

"पाटील, हा मृदंग अजून कोण वाजवतं?"

"नारोजीबिगर कोण वाजवणार? उंदीर नाचत असतील."

"मग तुमचे उंदीर तालात नाचतात."

पाटील हसला नाही. गेनूनं त्या दिवसापासून शोध सुरू केला. जो दिसेल त्याचा हात बघायचा. गडी, गुराखी, सुतार, कुंभार. लोक चेष्टा करायचे, "गेनूबाबा, हात बघतोयस तर माझं लगीन कधी ते पण सांग की!" अकरा वर्षं गेली. दरवर्षी कातड्यावरचा तो हात अधिक सुरेख होत गेला आणि गेनू अधिक थकत गेला. गुडघे धरले. डोळ्यांपुढे धुकं आलं. हे आपलं शेवटचंच मढवणं, हे त्याला कळून चुकलं. तो हात एकदा तरी चारचौघांनी ऐकावा, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

बाराव्या वर्षी ऊन मरणाचं होतं. देवळाची झाडलोट करणारी ठकू नेहमीसारखी पाणी घेऊन कुंपणाशी आली. गेनूनं नेहमीसारखी ओंजळ धरली. ती वरून पाणी ओतायची आणि रीत म्हणून तो मान खाली घालायचा. त्या दिवशी पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यानं डोळे बारीक करून वर पाहिलं. तांब्यावर चारच बोटं होती.

अकरा वर्षं तो बाप्यांचेच हात बघत आला होता. आणि अकरा वर्षं तो याच हातचं पाणी पीत होता.

"बाई, बोट कुठं गेलं?"

"कडबा तोडताना गेलं. तुला काय करायचंय?"

"मृदंग तू वाजवतेस."

ठकूनं तांब्या पोटाशी धरला. "हळू बोल. समदी रानात गेली की देवी एकटी असती दुपारची. तिला करमत नाय. कुणाला सांगशील तर झाडलोट बी जाईल माझी."

"नाव नाही सांगणार."

"देवीची आण?"

"मला आत कुठं येऊ देतात? माझ्या दगडाची आण."

त्या वर्षी गेनूनं तीन दिवस शाई घोटली. कातड्याशी त्यानं काय केलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

जत्रेला साऱ्या पंचक्रोशीतला लोक लोटला. नारोजीनं थाप मारली, आणि ओल्या लाकडावर मारावी तसा आवाज आला. त्यानं पुन्हा मारली. पाहुण्या मानकऱ्यांनी मारून पाहिली. मृदंग मुका तो मुकाच. पाटील कुंपणाशी धावला.

"काय केलंस रे?"

"मढवला. ज्या हातासाठी मढवला, त्या हातात द्या."

"कुणाच्या? नाव सांग, नाहीतर पाय मोडीन!"

"पाय तसेही मोडलेत, पाटील. नाव घेणार नाही, असा शब्द दिलाय मी."

काठी उगारली गेली. तेव्हा अंगणात केरसुणी खाली पडल्याचा आवाज झाला. ठकू गर्दीतून चालत आली, पदर खोचला आणि मृदंगाला बसली.

असं म्हणतात, तिच्या पहिल्या थापेला देवळातल्या घंटा आपसूक हलल्या. चरायला गेलेली गुरं माघारी वळली. ओढ्याचं पाणी उलटं चढून बाभळीपर्यंत आलं आणि तिथं बसलेल्या म्हाताऱ्याच्या पायांवरून गेलं. काठी उगारलेला पाटील तसाच उभा राहिला.

वाजवणं थांबलं तेव्हा लोकांना गेनूची आठवण झाली. तोवर त्याला आत या म्हणावं असं कुणालाही सुचलं नव्हतं. कुंपणाबाहेर फक्त काळा दगड होता, ओला.

आजही पांढरओढ्यात जत्रेच्या पत्रिकेवर मोठमोठ्या कलावंतांची नावं आणि फोटो असतात, पण पहिली ओळ कोरी सोडतात. मृदंग आधी कुंपणाबाहेर त्या दगडाशी ठेवतात. ज्याला कुणी बोलावलं नाही त्यानं तिथं वाजवायचं किंवा गायचं, आणि गावानं बाहेर येऊन अनामिका दुमडून ऐकायचं. कधी कधी तासभर कुणीच येत नाही. निमंत्रित घड्याळं बघतात, पुढारी कुरकुरतात. गाव जागचं हलत नाही. मान खाली घालून बसायचं नाही, एवढा एकच नियम आहे. आजूबाजूच्या हातांकडे बघत बसायचं.